गल्लीत सोडलेलं ऊन

खालच्या छपरावरून पहिली गोवरी आली तेव्हा मी टाकीच्या बुडाला नळी जोडत होतो. गोवरी म्हणजे आपल्याकडची नव्हे. याकच्या शेणाची, लडाखच्या थंडीत गोठून दगड झालेली. ती टाकीवर आदळली आणि देवळातली घंटा वाजावी तसा टणत्कार झाला. माझ्या कानाला वारा लागला. चार बोटं इकडं असती तर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती.

"आप्पा, वाका!" मी ओरडलो.

शिवलिंगाप्पा तोडकर वाकले नाहीत. मिरजेचा तो नामांकित प्लंबर अंगावर तीन स्वेटर, एक कांबळं आणि माझंही जाकीट घालून बसला होता. माणूस वाकणार कुठून? दुसरी गोवरी सरळ त्यांच्या पोटावर बसली आणि त्यांनी "कोण हाय?" असं शांतपणे विचारलं.

आमच्या शेजारी घराची मालकीण उभी होती, आबी डोल्मा. आबी म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. सत्तरी उलटलेली, हातात काठी, चेहऱ्यावर ओहळ गेलेल्या डोंगरासारख्या सुरकुत्या. तिनं काठी बाजूला टेकवली, छपराच्या कडेनं रचलेल्या गोवऱ्यांतली एक उचलली आणि खाली भिरकावली. मग तोंडाचा पट्टा सुरू केला. खालच्या छपरावरून दुसऱ्या म्हातारीचा पट्टा आला.

मी तिच्या मुलाला, रिगझिनला विचारलं, "काय म्हणताहेत रे?"

"आई मावशीची तब्येत विचारतेय."

"आणि मावशी?"

"बरी आहे म्हणतेय."

तेवढ्यात तिसरी गोवरी आली. रिगझिननं ती क्रिकेटच्या चेंडूसारखी झेलली आणि मुकाट्यानं ढिगावर परत ठेवली. "भांडालेत की हो, उस्ताद," तो म्हणाला.

रिगझिन फौजेत असताना बेळगावात राहिला होता. मराठी तिथंच शिकला, आणि ज्या घरमालकाकडं राहायचा त्याच्या छपरावर मी बसवलेला सोलर बंब होता. तारचुक या आपल्या गावी त्यानं प्रवाशांसाठी दहा खोल्या बांधल्या तेव्हा त्याला लेहमधलं कुणी चालेना. सांगलीहून नेमू मगदूमच पाहिजे. मी तेव्हा तिशीत होतो आणि उन्हाच्या बाबतीत माझ्यापुढं कुणी नाही अशी माझी समजूत होती. तारचुक नकाशात शोधू नका. नकाशा काढायला आलेला माणूस थंडीला घाबरून अर्ध्या वाटेतून परत गेला असं तिथले लोक सांगायचे.

"भांडण कशावरून?" मी विचारलं.

रिगझिननं खाली बोट केलं. वरचं घर थोरल्या डोल्माचं, खालचं धाकट्या यांगचेनचं. सख्ख्या बहिणी. मध्ये फरसबंद गल्ली, साठेक पावलांची, पण उतार असा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा. डोल्माचं उंच घर नेमकं दक्षिणेला. त्याच्या सावलीमुळं थंडीचे पाच महिने गल्लीत उन्हाचा कवडसा पडत नसे. बर्फ पडायचं, तुडवलं जायचं आणि त्याची काच व्हायची. गेल्या हिवाळ्यात त्याच काचेवरून डोल्मा घसरली. खुबा मोडला, आत सळई घालावी लागली. यांगचेनचे गुडघे तर कधीचे गेलेले, तिला चढ जमत नव्हता. त्यामुळं थंडीभर दोघींची भेट म्हणजे या छपरावरून त्या छपरावर हाका.

"मावशीला तिची मुलगी पद्मा चंदीगडला न्यायला येतेय," रिगझिन म्हणाला. "लोसारला. म्हणजे आमच्या नववर्षाला. घराला कुलूप. कायमचं."

"मग आई नको म्हणत असेल."

"मावशी म्हणते, पाच महिने मी भिंतीशी आणि शेळीशी बोलते. लोसारच्या दिवशी तू खाली येऊन माझ्या चुलीपाशी बैस, मी जन्मभर इथं राहते. नाही आलीस तर मी चालले."

"रास्त आहे की."

"आणि आई म्हणते, मी थोरली, तू वर ये. तिथून पुढं गोवऱ्या."

आबी डोल्मा फेकून दमली होती. ती आमच्याकडं वळली. मी नुकतीच पहिल्या टाकीची तोटी सोडली होती आणि वाफाळतं पाणी बादलीत पडत होतं. तिनं त्यात बोट घातलं, झटक्यात बाहेर काढलं, काचेच्या काळ्या नळ्यांकडं पाहिलं, आभाळातल्या सूर्याकडं पाहिलं. मग काठीनं गल्ली दाखवून काहीतरी म्हणाली.

"आई विचारतेय, ऊन टाकीत भरलंत तसं गल्लीत भरता येईल का?"

आप्पा माझ्याकडं बघून जोरजोरात मान हलवत होते. नाही म्हण, नाही म्हण. पण समोर म्हातारी, वर एवढा लखलखीत सूर्य, आणि माझं वय तिशी.

"न यायला काय झालं!" मी म्हणालो. "तुमच्या गल्लीत लोसारला अनवाणी चालाल, आबी."

रिगझिननं ते सांगितलं. आबी हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते, पण ते दोन्ही दिसले.

खाली उतरल्यावर आप्पांनी मला कोपऱ्यात घेतलं. "आरं नेमू, तुझ्या आज्ज्यानं कधी बर्फ बघितलं हुतं का? सांगलीत आपण ते उसाच्या रसात घालतो. आनि तू गल्ली वितळवतोस?"

"आप्पा, आपल्याकडं दहा खोल्यांचं सामान आहे. प्रवासी येणार उन्हाळ्यात. तोवर दहाही टाक्या छपरावर बसून काय करणार?"

"माझ्यावानी थंडीनं कुडकुडणार," आप्पा म्हणाले. पण पाना उचलला.

युक्ती साधी होती. उन्हानं तापलेलं पाणी छपरावरच्या टाक्यांत साठवायचं, नळ्यांतून गल्लीच्या फरशीखाली नागमोडी फिरवायचं आणि निवालं की पुन्हा तापायला वर पाठवायचं. ढकलायला छोटा पंप, त्याच्या बॅटरीलाही उन्हाचाच खुराक. नळ्यांतलं पाणी गोठू नये म्हणून त्यात मोटारीच्या रेडिएटरात घालतात ते हिरवं औषध मिसळायचं. सांगायला साधी. करायला बसलो तर पहिली फरशीच उचलेना. जमीन गोठून लोखंड झाली होती. आम्ही फरशांवर गोवऱ्या पेटवल्या, जमीन मऊ करत एकेक दगड उपटला. आप्पांच्या डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली असली गोठली की एक दिवस हातोडा सापडेना तेव्हा त्यांनी तिनंच खुंट्या ठोकल्या. घरून बांधून दिलेल्या भाकरी उरल्या होत्या, त्या आम्ही नळीखाली टेकू म्हणून घातल्या. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यांतली एकही पिचली नाही.

गावाला करमणूक झाली. रोज सकाळी म्हातारेकोतारे भिंतीवर ओळीनं येऊन बसायचे, लोणी घातलेला खारा चहा प्यायचे आणि आमचं काम बघायचे. एकदा एका आजोबांनी रिगझिनकरवी विचारलं, "बर्फ वितळल्यावर त्याचं पाणी कुठं जाणार?"

मी छाती फुगवून म्हणालो, "उताराला!"

रिगझिननं तसंच सांगितलं. सगळी भिंत हसली. आबी डोल्मा तर इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं घरात जाऊन आम्हा दोघांसाठी जर्दाळू आणले. आमचं काम त्यांना भारीच पसंत पडलंय असं आम्ही धरून चाललो.

यांगचेन आपल्या छपरावरून सगळं बघत होती. ती घारीसारखी, काटकुळी. मध्येच ओरडायची आणि रिगझिन सांगायचा, "मावशी म्हणते, दोन शेतकऱ्यांनी बटाटे पेरलेत. उगवले की सांगा."

लोसार तोंडावर आला तेव्हा आम्ही झडप उघडली. पंप घरघरला. घटकाभर काहीच झालं नाही. आप्पा देवाचं नाव घेऊ लागले. मग मधल्या एका फरशीवरून वाफेची बारीक रेघ निघाली. मग शेजारच्या फरशीवरून. काच तडकली, सरकली, पाण्याचा ओघळ उताराला लागला, आणि संध्याकाळपर्यंत वरपासून खालपर्यंत गल्लीचे दगड काळेभोर, कोरडे, हाताला कोमट. गावातली पोरं त्यावर गाल टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबीला दोन पावलं चालवून बघावं म्हणून आम्ही दार उघडलं, तर गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. तारचुकमधली झाडून सगळी गाढवं तिथं पाय पसरून पडली होती. मध्ये कुत्री, कडेला शेळ्या, आणि अगदी मधोमध एक याक, डोळे मिटून, साधूसारखा. ढकललं तरी हलेनात. ओढलं तर उसासे टाकायचे.

"बर्फ काढलंस," आप्पा म्हणाले. "आता ह्यांच्यासाठी कुठलं औषध घालनार?"

खालच्या छपरावरून यांगचेनचं हसू ऐकू आलं. "मावशी म्हणते," रिगझिननं जड आवाजात सांगितलं, "बटाटे उगवले."

शेवटी गल्लीच्या दोन्ही तोंडांना फाटकं बसवली, खालचं रिगझिननं एकट्यानंच, तेव्हा कुठं मार्ग मोकळा झाला. याक मात्र लोसारपर्यंत फाटकाबाहेर उभा राहून आमच्याकडं दुखावल्या नजरेनं बघत होता.

लोसारच्या आदल्या रात्री दणकून बर्फ पडलं. सकाळी बघतो तर गाव कापसात बुडालेलं आणि मधून आमची गल्ली, काळी, वाफाळती, जशी काही कुणी आत्ताच धुऊन पुसली. मी आप्पांना मिठी मारली. हात पुरले नाहीत.

आबी डोल्मा बाहेर आली ती नवरीसारखी. डोक्यावर पिरोज्यांनी मढवलेला, पाठीवर फणा पसरल्यासारखा सणाचा साज, अंगात लाल मखमल. तिनं काठी पुढं टाकली. पहिल्या फरशीवर पाऊल ठेवलं आणि थांबली. गेल्या वर्षी ती जिथं पडली ती जागा चारच हात पुढं होती.

आप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि उलट्या पावलांनी उतरू लागले. "या. या आजी. हां, अश्शी. मी हाय न्हवं!" तिला मराठी येत नव्हती, त्यांना लडाखी येत नव्हती. पण ती त्यांच्या डोळ्यांत बघत एकेक पाऊल टाकत होती. जिथं पडली होती तो दगड तिनं काठीनं ठोकून पाहिला, तोंडानं त्याला काहीतरी सुनावलं आणि ओलांडला. भिंतीवरच्या म्हाताऱ्यांनी चहाच्या वाट्या खाली ठेवल्या होत्या.

गल्लीच्या तळाशी आलो आणि आप्पा पाठीनं कशावर तरी आपटले.

यांगचेनचं दार दिसेना. म्हणजे होतं तिथंच, पण बर्फाच्या मागं. चार दिवसांत गल्लीभरचं बर्फ वितळून जे पाणी उताराला गेलं होतं ते या दारापुढं, गार सावलीत, थरावर थर गोठत बसलं होतं. उंबरा गेला, कडी गेली, अर्धं दार आत गेलं. माणसाच्या छातीएवढा निळसर, चकचकीत डोंगर. आमच्याकडं पाणी उताराला लागलं की आपला त्याच्याशी संबंध संपला. ते ओढ्याला जातं, ओढा नदीला, नदी तिचं बघते. इथं पाणी कुठं जातच नाही हे आम्हा दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आतून दारावर धपाधप थापा पडल्या. "माझं दार कुणी बंद केलं?" यांगचेन ओरडली. रिगझिन पुटपुटत अर्थ सांगत होता.

मी पुढं झालो. आता कबूल करणं भाग होतं. पण माझ्या पोटात काठी रुतली. आबी डोल्मानं मला बाजूला सारलं, बर्फाच्या डोंगराला टेकली आणि म्हणाली, "मी."

आतल्या थापा थांबल्या.

"मीच सांगितलं या दोघांना," डोल्मा म्हणाली. "सगळं पाणी धाकटीच्या दारात सोडा म्हटलं. आता जा चंदीगडला. कशी जातेस बघू."

"म्हातारे! तू खाली आलीस?"

"चालत आले. अनवाणी येणार होते, पण चपला नवीन आहेत."

"मग दारातच उभी राहा!" आतला आवाज चिरकला. "चुलीपाशी बैस असं ठरलं होतं. दारात नाही!"

डोल्मानं काठीनं वर दाखवलं. यांगचेनचं सपाट छप्पर गल्लीच्या मधल्या वळणाशी टेकलं होतं, आणि त्याच्या मध्यभागी स्वैपाकघराचा धूर जायला माणूस मावेल एवढा झरोका होता. रिगझिन म्हणाला, "आई, खुब्यात सळई आहे तुझ्या!" ती म्हणाली, "लोखंडाला काय होतंय?"

टाक्या चढवायला आणलेली कप्पी आम्ही झरोक्यावर उभी केली. पाहुण्यांसाठी आणलेली खुर्ची दोराला बांधली, आबीला तीत बसवून कांबळ्यानं करकचून आवळलं. आप्पा दोर सोडत होते. एवढा हलक्या हातानं त्यांनी तांब्याचा हंडाही कधी विहिरीत सोडला नसेल. लाल मखमल, पिरोजे, काठी, असा सगळा थाट गोल गोल फिरत खाली गेला आणि थेट चुलीसमोर टेकला.

आम्ही तिघं झरोक्याभोवती पोटावर पडून बघत होतो.

"हे धरायचं नाही," यांगचेन म्हणाली. "तू छपरातून आलीस."

"चुलीपाशी बसलेय की नाही?"

"खुर्चीत बसलीस. चुलीपाशी जमिनीवर बसतात."

डोल्मानं कांबळं सोडलं आणि कण्हत, कुथत जमिनीवर बसकण मारली. यांगचेन उभीच होती, कमरेवर हात ठेवून. मग तिनं थोरलीच्या डोक्यावरचा वाकडा झालेला साज दोन्ही हातांनी सरळ केला. पुन्हा केला. तो सरळच होता तरी करत राहिली.

आम्ही झरोक्यावरून बाजूला झालो.

"रिगझिन," मी हळूच विचारलं, "पण आईनं आम्हाला पाण्याचं काही सांगितलंच नव्हतं."

"उस्ताद, तुम्ही नळ्या टाकत होता तेव्हाच सगळ्या गावाला ठाऊक होतं पाणी कुठं जाणार ते. आईनं सगळ्यांना दम दिला होता. कुणी बोललात तर बघा म्हणून."

"पण का?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही नाली काढली असती की."

आप्पांनी कपाळाला हात लावला. पण मला माझ्या कामाची लाज राखायची होती. वरच्या टाकीपासून रबरी नळी ओढून मी दारापुढं आणली. कढत पाणी सोडलं असतं तर तो डोंगर जेवणवेळेच्या आत बसला असता. आप्पांचा हात झडपेवर होता, आणि तेवढ्यात खाली रस्त्यावर जीप थांबली.

पद्मा उतरली. शहरी कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात आईसाठी नवी शाल. तिनं डोंगर पाहिला. दार पाहिलं. "आई! गाडी आलीय!"

"दार उघडत नाही ग!" आतून आवाज आला. "मी काय करू? एकदम अडकलेय बघ मी!" त्या आवाजात काळजी औषधालाही नव्हती. पाठोपाठ डोल्माचा ठसका ऐकू आला आणि भांडी हलल्याचा आवाज.

पद्मानं माझ्याकडं वळून हिंदीत विचारलं, "तुम्हीच ते सांगलीचे इंजिनियर? हे वितळायला किती वेळ लागेल?"

मी इंजिनियर नव्हतो, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. माझ्या हातात कढत पाण्याची नळी होती. माझ्या मागं गल्ली वाफाळत होती. समोर रिगझिन आभाळाकडं बघत उभा होता.

"हे होय?" मी म्हणालो. "हे काही उन्हाळ्याच्या आधी वितळत नाही, ताई."

"आणि ही अख्खी गल्ली वितळली ती?"

"ते गल्लीचं बर्फ. हे दाराचं. फार फरक असतो."

वर आप्पांनी झडपेवरचा हात काढून घेतला आणि ते झरोक्यावरच्या कप्पीपाशी उतरून आले.

पद्मानं काळा चष्मा काढला. माझ्याकडं बराच वेळ बघितलं, मग नळीकडं, मग वाफेकडं. आतून पुन्हा ठसका आला, आता दोघींचा एकदम, आणि हसू. एवढं हसू त्या घरात कधी ऐकलं होतं ते बहुतेक ती आठवत असावी. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तिनं मागं न बघता हात हलवून त्याला गप्प केलं.

मग ती गल्लीचे चार दगड चढून छपरावर आली, शाल खांद्यावर टाकली आणि दोराला बांधलेल्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"सोडा," ती आप्पांना म्हणाली. "मलाही वरूनच सोडा."